उजव्या खणातलं ऑइल

राजमती चौगुल्यांचा गडी निरोप घेऊन आला तेव्हा जोतीराम मिस्त्री हुपरी रस्त्यावरच्या आपल्या शेडात एका पोकलेनचा पंप खोलून बसला होता.

"वैनीनी बोलवलंय. डोझर चालू करायचा हाय म्हणत्यात," गडी म्हणाला.

"कुठला डोझर?"

"आता आमच्या दारात किती हायत?"

एकच होता. पिवळा, चेनवर चालणारा, राजमतीच्या नवऱ्यानं, तात्यासो चौगुल्यांनी, एका सरकारी खात्याच्या लिलावात घेतलेला. पंधरा वर्षं त्यानं आसपासच्या गावांचे माळ सपाट केले, बांध घातले. दोन हजार सहाच्या फेब्रुवारीत तात्यासो त्याच डोझरखाली सापडून गेले. स्वतःच्याच माळावर शेततळं काढायचं काम चाललं होतं. ते उताराच्या खालच्या अंगाला टेप धरून उभे होते आणि वर थांबलेला डोझर खाली आला. पंचनामा झाल्यावर जोतीरामनंच तो हळूहळू चालवत घरामागच्या पत्र्याच्या शेडात आणून लावला होता. त्यानंतर अठरा वर्षं त्याला कुणी हात लावला नाही.

जोतीराम आता चौसष्ट वर्षांचा होता. हात धुऊन तो गड्याच्या मागं गाडीवर बसला.

राजमती शेडाच्या दारातच उभी होती. तिनं शेडाचे पुढचे पत्रे काढून घेतले होते आणि डोझरवरची धूळ, कोंबड्यांची घाण धुऊन टाकली होती. ओल्या मशीनकडं बघत ती म्हणाली, "मिस्त्री, तळं अर्धंच पडलंय माळाला. केतन म्हणतोय जेसीबी बोलव, दोन दिवसांत हुतंय." केतन तिचा मुलगा, पुण्याला नोकरीला. "मला जेसीबी नको. ज्यानं अर्धं सोडलं त्यानंच पुरं करायचं. मग भंगारात घाला न्हायतर काय बी करा."

"वैनी, अठरा वर्सं उभं मशीन हाय."

"म्हणून तर तुला बोलवलंय. दुसऱ्या कुणाला ह्याचं कळतंय?"

 नाही म्हणायला जोतीरामजवळ कारण होतं, पण ते सांगण्यासारखं नव्हतं.

इंजिनाला तीन आठवडे गेले. पंप आणि नोझल त्यानं कोल्हापुरातून दुरुस्त करून आणले, टाकीतला गाळ काढला, घट्ट बसलेली एक झडप डिझेलात भिजत ठेवून सोडवली. एका गुरुवारी सकाळी इंजिन काळा धूर ओकून सुरू झालं. राजमती स्वयंपाकघरातून पदराला हात पुसत बाहेर आली आणि कानावर हात ठेवून उभी राहिली. तिच्या चेहऱ्यावर आनंद होता की भीती, हे जोतीरामला कळलं नाही.

मागच्या अंगणात त्यानं डोझर थोडा पुढं घेतला, थोडा मागं घेतला. डावीकडं वळवला, वळला. उजवीकडं वळवायला लिव्हर ओढून ब्रेक दाबला, तर मशीन नाक वर करून सरळच चाललं. सरळ चालवतानाही उजवी चेन मागं पडत होती. दहा मिनिटांनी त्यानं इंजिन बंद केलं. खाली उतरून तो मशीनच्या पोटाखाली सरकला आणि उजव्या बाजूचा ड्रेन प्लग, ऑइल काढायचं बूच, सोडला. तिथून काहीच यायला नको होतं. आधी थेंब आला, मग करंगळीएवढी धार.

डोझरच्या मागच्या भागात, ड्रायव्हरच्या बैठकीखाली, एकसंध ओतलेलं लोखंडी हाउसिंग असतं. त्याचे तीन खण असतात. मधल्या खणात गिअर असतात आणि तो ऑइलनं भरलेला असतो. डाव्या आणि उजव्या खणात त्या त्या चेनचा क्लच आणि ब्रेक असतो, आणि हे दोन्ही खण कोरडे राहिले पाहिजेत. कोरड्या खणात ऑइल उतरलं की क्लच घसरतो आणि ब्रेक धरत नाही. बाहेरून मात्र एक थेंब दिसत नाही. मशीन धुतलेल्या भांड्यासारखं स्वच्छ असतं आणि आत ब्रेकचे पट्टे ऑइलात पोहत असतात.

पोटाखाली पाठीवर पडून जोतीराम ती धार बघत राहिला. ती त्यानं पूर्वी एकदा बघितली होती.

तात्यासो जायच्या आठ दिवस आधीची गोष्ट. उजवा क्लच घसरतोय म्हणून ज्ञानूनं तक्रार केली होती. ज्ञानू हा त्या डोझरचा ड्रायव्हर, जोतीरामच्या वयाचा, दोघं एकाच ताटात जेवलेले. जोतीरामनं उजवा खण खोलला, मधल्या खणाच्या भिंतीतून येणाऱ्या शाफ्टचं, ऑइल अडवणारं जुनं रबरी सील थोडं झिजलेलं दिसलं, ते बदललं. नवं सील बसवल्यावर ऑइल चांगलं तापवून, मशीन अर्धा दिवस फिरवून बघायला पाहिजे होतं. पण तात्यासो घाईला आले होते. माळावर काम अडलं होतं. जोतीरामनं खण बंद केला आणि मशीन दिलं.

आठव्या दिवशी दुपारी ज्ञानूनं उतारावर डोझर उभा केला, दोन्ही ब्रेक लावले आणि बैठकीवरच बसून तात्यासोंच्या खुणेची वाट बघत राहिला. मशीन घसरायला लागलं. तो ब्रेकवर उभाच राहिला. डाव्या ब्रेकनं धरलं, उजव्यानं नाही. डोझर वाकडा फिरला आणि तात्यासो ज्या बाजूला पळाले त्याच बाजूला आला.

ज्ञानू तेव्हापासून एकच सांगत होता, "ब्रेक धरला न्हाय." पण आदल्या रात्री पुतण्याच्या लग्नात तो प्यायला होता, तोंडाला अजून वास होता आणि तो चार माणसांना आला होता. गाव म्हणालं, दारू पिऊन बसल्या बसल्या झोपला.

दुसऱ्या दिवशी पोलीस यायच्या आधी, सकाळी सातला, जोतीराम एकटा माळावर गेला. मशीनखाली शिरून त्यानं उजवा प्लग सोडला. तांब्याभर ऑइल खाली आलं.  आपणच बसवलेलं सील. उलटं बसलं असेल, नाहीतर शाफ्टवर चढवताना त्याची ओठासारखी रबरी कडा कापली गेली असेल. त्यानं प्लग परत आवळला, ऑइल पडलेल्या जागेवर पायानं माती ओढली आणि वर येऊन बसला. पोलिसांनी सगळ्यांदेखत विचारलं, "मिस्त्री, ब्रेक कसे आहेत?"

"ब्रेक बरोबर हायत," जोतीराम म्हणाला.

ज्ञानूला शिक्षा झाली. कळंब्याच्या तुरुंगात वर्षभर काढून तो सुटला आणि थोड्याच दिवसांत जोतीरामच्या शेडात आला. दाढी वाढलेली, अंगावर कुणाचा तरी ढगळ शर्ट. तो उंबऱ्यावर बसला आणि म्हणाला, "जोती, तू तर सोता बघितलंस नव्हं? खरंच बरोबर हुता ब्रेक?"

तेव्हा तरी सांगता आलं असतं. जोतीराम म्हणाला, "व्हय."

ज्ञानू थोडा वेळ बसला, पाणी प्यायला आणि गेला. पुढं कुणी त्याला मशीनवर बसवलं नाही. बायको धोंडुबाईला घेऊन तो गडहिंग्लजकडं कुठंतरी गेला, एवढंच जोतीरामला कळलं. त्यानं अधिक चौकशी केली नाही.

आता अठरा वर्षांनी तो प्लग त्याच्या हातात होता. निदान ह्या खेपेला नीट करायचं, असं त्यानं ठरवलं. सील काढायचं, आपली चूक डोळ्यांनी बघायची, दुसरं बसवायचं आणि पूर्ण तपासल्याशिवाय मशीन माळावर जाऊ द्यायचं नाही. त्यापुढचा विचार त्यानं केला नव्हता.

घाई मात्र केली नाही. उजव्या खणात ऑइल दोन वाटांनी येऊ शकत होतं: मधल्या गिअरच्या खणातून, किंवा बाहेरच्या अंगाला, चेन फिरवणाऱ्या फायनल गिअरच्या पेटीतून. दोन्हीकडं एकच काळसर जाड ऑइल असतं, त्यामुळं नुसतं बघून सांगता येत नाही. त्यानं फायनलमधलं ऑइल काढून तिथं लाल रंगाचं पातळ ऑइल भरलं, पॉवर स्टिअरिंगला घालतात तसलं. मधल्या खणाची पातळी काडीवर खूण करून ठेवली. मग दोन दिवस डोझर अंगणात आणि मागच्या पडीक तुकड्यात फिरवला. तिसऱ्या दिवशी प्लग सोडला. खाली आलं ते काळसर होतं, लाल छटासुद्धा नव्हती. मधल्या खणाची पातळी बोटभर उतरली होती.

म्हणजे मधल्या खणातूनच. म्हणजे सीलच.

बैठक काढली, डिझेलची टाकी उतरवली, वरची झाकणं सोडली. साखळी-कप्पीनं उजव्या क्लचचा डबा वर उचलला तेव्हा त्यातून ऑइल ठिबकत होतं. त्याच्या प्लेटा काळ्या, गुळगुळीत झाल्या होत्या. त्या खोल चौकोनी खणात जोतीराम डोकं घालून वाकला. बेअरिंगचं झाकण सोडून त्यानं सील बाहेर काढलं. अठरा वर्षांपूर्वी स्वतःच्या हातानं बसवलेलं.

ते उलटं नव्हतं. ओठ आतल्या बाजूला, जसा पाहिजे तसा होता. कुठं कापलेला नव्हता. आतली बारीक स्प्रिंग जागेवर होती. त्यानं ते उजेडात धरलं, बोट फिरवलं, चष्मा पुसून पुन्हा बघितलं. रबर वयानं कडक झालं होतं, तेवढंच. शाफ्टवरही ओरखडा नव्हता. सील बाहेरच्या बाजूनं कोरडं होतं.

सील हातात घेऊन तो बराच वेळ चेनवर बसून राहिला. गड्यानं चहा आणला आणि तो तसाच गार झाला. "काय झालं मिस्त्री? बिघाड घावला?" गड्यानं विचारलं.

"न्हाय," जोतीराम म्हणाला. "घावत न्हाय."

त्यानं नवं सील बसवलं, पण क्लच परत घातला नाही. डावा लिव्हर मागं ओढून दोरीनं बांधला, म्हणजे डावी चेन सुटी झाली. उजवा क्लच तर बाहेरच होता. डिझेलच्या कॅनमधून नळी जोडून इंजिन चालू केलं आणि गिअर टाकला. मशीन जागेवर उभंच राहिलं, आतला शाफ्ट तेवढा फिरायला लागला आणि मधल्या खणातलं ऑइल घुसळून तापायला लागलं. जोतीराम हातात बॅटरी घेऊन उजव्या खणाच्या कोरड्या पुसलेल्या भिंतीकडं बघत बसला.

अर्धा तास काही झालं नाही. पाऊण तासानं भिंतीला हात लावून बघितलं तर चटका बसला. तेव्हा सीलपासून चांगलं वीतभर खाली, उघड्या भिंतीवर, केसासारखी एक ओली रेघ दिसली. त्यानं फडक्यानं पुसली. ती पुन्हा आली. आधी चमकली, मग तिच्या खालच्या टोकाला एक थेंब धरला, आणि तो भिंतीवरून ओघळत खणाच्या तळाला गेला. त्याच्यामागून दुसरा.

त्यानं इंजिन बंद केलं. मशीन गार होईपर्यंत तो तिथंच थांबला. गार झाल्यावर रेघ दिसेनाशी झाली, नखालाही लागेना.

हाउसिंग हलवता येण्यासारखं नव्हतं, म्हणून दुसऱ्या दिवशी त्यानं शिरोली एमआयडीसीतल्या अमरसिंहला बोलावून आणलं. अमरसिंह एका फाउंड्रीत ओतीव माल तपासायचं काम करायचा. पन्नाशीचा, बोलायला तोडून टाकणारा माणूस. त्यानं पिशवीतून तीन डबे काढले. भिंत साफ केली, तिच्यावर बारीक चिरेत शिरणारा लाल डाय मारला, थांबला, पुसला, वर पांढरी पावडर फवारली. पांढऱ्यावर हळूहळू लाल रेघ उमटली. सरळ नव्हती. नदी नकाशावर दिसते तशी वळत वळत गेलेली, दोन्ही टोकांना गोल बुजलेली.

अमरसिंहनं भिंग काढलं, बॅटरी तिरपी धरून दहा मिनिटं बघितलं.

"मामा, ही चीर पडलेली न्हाय. ही ओततानाच झालीया. दोन बाजूंनी लोखंडाचा रस आला, हितं भेटला, पण एकजीव झाला न्हाय. गार झालेला रस नुसता चिकटलाय. पहिल्या दिवसापासनं हाय ही."

"पहिल्या दिवसापासनं?"

"मशीन जन्माला आलं तवापासनं. आधी पार बंद असणार. तापून गार, तापून गार हुत हुत उघडली. तापल्यावर तोंड उघडतीय, गार झाली की मिटतीय. गार मशीनवर कितीबी तपास, कुणाला घावायची न्हाय."

"कुणी मारलं, ठोकलं, सील बसवताना काय झालं, तसलं काय…"

"छ्या. सीलचा काय संबंध? माणसाचा हातच लागलेला न्हाय हितं." अमरसिंह डबे पिशवीत भरायला लागला. "वेल्डिंगचं म्हणत असशील तर, सगळं मशीन सुटं करून हे हाउसिंग भट्टीत तापवायला पाहिजे. तरी शेजारून फुटणार. दुसरं हाउसिंग मिळत असलं तर बघ. मला न्हाय वाटत मिळंल."

"दोन हजार सहाला," जोतीरामनं विचारलं, "तापवून बघितलं असतं तर घावली असती?"

अमरसिंहनं पिशवी खांद्याला लावली. "आता घावली तशी तवा बी घावली असती की. का?"

"काय न्हाय."

तो गेल्यावर जोतीराम उघड्या खणाशेजारी उभा राहिला. सील बरोबर बसलं होतं. पोलिसांसमोर सरळ सांगितलं असतं की उजव्या खणात ऑइल हाय, तर मशीन खोललं असतं, दोन दिवसांत ही रेघ दिसली असती. ज्ञानू सुटला असता आणि सीलपायी जोतीरामलाही कुणी बोट लावलं नसतं. ज्या चुकीपायी तो गप्प बसला, ती त्याच्या हातून झालीच नव्हती. न तापवता मशीन दिलं आणि नंतर गप्प बसला, एवढंच झालं होतं.

दुपारी त्यानं राजमतीला शेडात बोलावलं आणि सगळं सांगितलं. भिंतीवरची लाल रेघ दाखवली. प्लग, तांब्याभर ऑइल, ओढलेली माती, पोलीस, ज्ञानूचा प्रश्न. काही लपवून ठेवलं नाही. राजमती खताच्या पोत्यावर बसली होती. 

"म्हणजे त्यो पिऊन नव्हता?" तिनं विचारलं.

"रात्री प्यालता. दुपारी शुद्धीत हुता. ब्रेक खरंच धरला नव्हता."

"ती आलीवती माझ्या दारात," राजमती म्हणाली. "धोंडुबाई. हे गेल्यावर महिन्याभरानं. पायरीवर डोकं टेकून म्हणत हुती, वैनी, तुम्ही एकदा सायबाला सांगा, त्यो झोपला नव्हता. मी तिच्या अंगावर कुत्रं सोडलं. तिचं लुगडं फाटलं पायाजवळ. तशीच गेली." ती थांबली. "अठरा वर्सं सकाळी उठल्यावर देवाच्या आधी मी त्या माणसाला शिव्या दिल्यात, मिस्त्री. रोज."



"तुला काय म्हणू मी? तू सांग. काय म्हणू?"

"काय बी म्हणा, वैनी."

 ती उठली, पण दारात वळली. "तळं ऱ्हाऊ दे. हे बंद कर आणि जा. आणि त्या दोघांना शोधून सांग. मला न्हाय जमायचं तिच्यासमोर उभं ऱ्हायाला."

जोतीरामनं उघड्या खणांवर पत्रे टाकले, वर दगड ठेवले. बैठक, टाकी, क्लचचा डबा शेडाच्या कोपऱ्यात एका ओळीत लावून ठेवला. हत्यारं पोत्यात भरून तो निघाला तेव्हा घराचं दार लावलेलं होतं.

ज्ञानू आणि धोंडुबाईचा पत्ता काढायला चार दिवस गेले. गडहिंग्लजला एसटीनं उतरून तो वडापच्या जीपनं पुढं गेला आणि गावात विचारत विचारत विटांच्या भट्टीपलीकडच्या वस्तीत पोचला. एका पत्र्याच्या घरापुढं बाई शेंगा फोडत बसली होती. केस पांढरे, दात पडलेले. त्यानं तिला ओळखलं नाही. तिनं त्याला ओळखलं.

"जोतीराम भावजी नव्हं?"

"व्हय आक्का."

"बसा." तिनं पोतं पुढं सरकवलं. "त्ये गेलं की. तीन वर्सं झाली. तुमाला कळलं नसंल."

त्याला कळलं नव्हतं. वाटेत सगळं कसं सांगायचं ह्याची त्यानं जुळवाजुळव केली होती. ती ज्ञानूसाठी होती. आता त्यानं ती तशीच धोंडुबाईला सांगितली. ऑइल, सील, ओतताना राहिलेली रेघ, आपण बोललेलं खोटं.  धोंडुबाई शेंगा फोडत होती. मध्ये कधीतरी तिचे हात थांबले.

"ब्रेक धरला नव्हता," ती म्हणाली.

"न्हाय. त्याचं खरं हुतं."

"आवो, पर त्येनीच त्ये म्हणायचं सोडून दिलं हुतं." तिनं त्याच्याकडं पहिल्यांदा नीट बघितलं. "कळंब्यातनं आलं तवा म्हणायचं, ब्रेक धरला न्हाय, धोंडे, मी उभा ऱ्हायलोतो ब्रेकवर. मग तुमच्याकडं गेलं. परत आलं त्ये गप. दोन दिवस जेवलं न्हाय. मग म्हणलं, जोतीनं सोता बघितलंय. जोती माझ्याशी खोटं बोलायचा न्हाय. माझाच डोळा लागला आसंल. मला आठवत न्हाय, पर लागला आसंल."

जोतीरामनं एक शेंग उचलली आणि परत सुपात टाकली.

"मी म्हणायची, आवो, तुमी जागं हुता. तर म्हणायचं, तुला काय ठावं? मरस्तवर तेच. तात्यासोला मी मारला, म्हणायचं. शेवटच्या आजारात बी."

"आक्का, मी… मी गावात सांगतो. चार माणसं बोलव, सगळ्यांसमोर सांगतो. पायजे तर पोलिसांत जातो. तुझ्या पोरांना…"

"पोरं न्हाईत. एक पोरगी दिलीया तिकडं संकेश्वराकडं." ती हलक्या आवाजात बोलायला लागली. "आणि गावात काय सांगणार? हितं कुणालाच ठावं न्हाय. आमी आलो तवा सांगितलंच न्हाय कुणाला. तुरुंगातनं आलेला माणूस म्हणल्यावर कोण घर देतंय? त्ये डोझर चालवत हुतं ह्ये बी हितं कुणाला म्हाईत न्हाय. भट्टीवरचा ज्ञानू म्हणत्यात. विटा उचलाय आलेला. पोरीच्या सासरला बी ठावं न्हाय. तुमी आता त्येचं नाव धुवाय जाशीला तर आधी मला सांगाय लागंल त्येच्यावर काय डाग हुता त्ये."

ऊन पत्र्यावरून खाली उतरलं होतं. भट्टीकडून धूर येत होता. जोतीरामनं हात जोडायला उचलले आणि मध्येच सोडले.

"मला काय तरी शिक्षा सांग, आक्का."

"मी कोण सांगणार?" तिचा आवाज चढला नाही. "त्येनला सांगायला पायजे हुतं. त्ये बसलं हुतं की तुमच्या दारात. तवा एक शब्द सांगितला असता तर जेवलं असतं त्ये."

शेजारच्या घरातून एक म्हातारी बाई डोकावली. कमरेवर हात ठेवून तिनं जोतीरामकडं बघितलं आणि मोठ्यानं विचारलं, "कोण गं धोंडाक्का? पावणं कुठलं?"

धोंडुबाईनं टरफलं सुपातून खाली झटकली.

"कुणी न्हाय, बाळाबाई," ती म्हणाली. "वाट चुकल्यात. भट्टीवर जायचं हुतं त्येना."

मग ती उठली आणि हात करून त्याला रस्ता दाखवला, खरोखरच्या परक्या माणसाला दाखवतात तसा. जोतीरामही उठला. बाळाबाई बघत होती म्हणून तो आधी भट्टीच्या दिशेनं चालत गेला. विटांच्या राशीमागं दोन बाया आणि एक माणूस कच्च्या विटा डोक्यावरून आणून रचत होते. त्यांनी त्याला कोण पाहिजे म्हणून विचारलं. कुणी नाही, असं सांगून तो पलीकडच्या पांदीनं डांबरी रस्त्यावर आला. तिथं वडाप मिळायला तासभर लागला.